अवकाशीय डेटाबेस-प्रणालींच्या कार्यक्षमतेची तुलना : बीड जिल्ह्यातील काही पृच्छांच्या आधारे

ज्यात संख्या व मजकूर यांच्याबरोबरच बिंदू, रेषा आणि बहुभुज ही भौमितिक रूपेही साठविली जातात, आणि त्या रूपांच्या परस्परसंबंधांविषयी प्रश्न विचारता येतात, अशा डेटाबेसास अवकाशीय डेटाबेस म्हणतात. कॅनडातील रिफ्रॅक्शन्स रिसर्च या संस्थेने २००१ साली सुरू केलेली पोस्टजीआयएस, त्याशिवाय ओरॅकल, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर, स्पॅशियालाइट, मोंगोडीबी अशा कितीतरी प्रणाली आज अभ्यासकाच्या हाताशी आहेत. त्यामुळे ‘यांपैकी वेगवान कोणती?’ हा प्रश्न पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंधासाठी सोयीचा वाटतो. चार प्रणालींत एकच आधारसामग्री भरावयाची, दहा पृच्छा चालवावयाच्या, सेकंद मोजावयाचे आणि स्तंभालेख काढावयाचा, एवढ्यात काम झाले असे त्याला वाटते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे आहे की, दोन प्रणालींनी एकाच प्रश्नाचे एकच उत्तर दिले आहे हे प्रथम सिद्ध झाल्यावाचून त्यांच्या वेगांची तुलना संभवतच नाही. आणि उत्तर एकच आहे असे ठरल्यानंतरही वेगाचा निर्णय प्रणालीच्या नावापेक्षा त्या प्रदेशाच्या आकृतींवर अधिक अवलंबून असतो. हे विधान मोघम राहू नये म्हणून उदाहरणे एकाच प्रदेशातील, म्हणजे बीड जिल्ह्यातील, घेतली आहेत.

बीड जिल्ह्याचे क्षेत्र १०,६९३ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,८५,०४९ आहे. तालुके अकरा. उत्तरेच्या सीमेवर गोदावरी, मधून पश्चिम-पूर्व जाणारी बालाघाटाची रांग, गोदाकाठी गेवराई-माजलगावची सपाट काळी जमीन आणि वर पाटोदा-धारूरकडील डोंगराळ माथा, अशी त्याची ठेवण आहे. येथील बहुतेक प्रशासकीय प्रश्नांचा मूळ घटक म्हणजे शेताचा गट किंवा सर्व्हे क्रमांक. हे बहुभुज लहान, परस्परांना चिकटलेले आणि संख्येने फार असतात. याउलट नद्या, कालवे, रस्ते, पाणलोटांच्या सीमा या आकृती थोड्या, परंतु लांब व वाकड्यातिकड्या असतात. एका बाजूस पुष्कळ लहान आकृती आणि दुसऱ्या बाजूस थोड्या पण अवाढव्य आकृती, या दोहोंची गाठ घालणे हेच येथील पृच्छांचे खरे काम होय.

ते काम प्रणाली कसे करते हे प्रथम पाहू. दोन वेड्यावाकड्या बहुभुजांचा छेद होतो की नाही हे तंतोतंत तपासणे खर्चाचे असते. शिरोबिंदू जितके अधिक तितका खर्च अधिक. म्हणून प्रत्येक आकृतीभोवती तिला पुरेपूर सामावून घेणारा, बाजू उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम असलेला एक आयत कल्पिला जातो. त्यास आपण परिवेष्टक आयत म्हणू. दोन आकृतींचे आयतच एकमेकांना शिवत नसतील तर आकृतीही शिवणार नाहीत हे उघड आहे, आणि आयतांची तुलना केवळ चार संख्यांची असल्याने ती क्षणात होते. या पहिल्या पायरीला आपण चाळणी म्हणू. चाळणीतून उरलेल्या जोड्यांची जी तंतोतंत तपासणी होते तिला पारख म्हणू. चाळणी जलद व्हावी म्हणून आयतांची सूची करतात. त्यासाठी आज सर्वांत रूढ असलेली रचना म्हणजे अँटोनिन गटमन यांनी १९८४ साली बर्कली येथून मांडलेली आर-ट्री. तिच्यात जवळजवळचे आयत एका पानात, ती पाने त्यांना सामावणाऱ्या मोठ्या आयतात, अशी वृक्षासारखी उतरंड असते. समजा, एका पानात शंभर आयत मावतात आणि जिल्ह्यात दहा लाख गट आहेत, तर तीनच पातळ्यांत कोणत्याही गटापर्यंत पोचता येते. मात्र हे गणित पानांचे आयत एकमेकांवर पडत नसतील तेव्हाचे. ते एकमेकांवर पडू लागले की एका शोधासाठी अनेक फांद्या उतराव्या लागतात, आणि ‘आर-ट्री आहे म्हणजे पृच्छा जलद होणारच’ हा विश्वास ढळतो. दोन प्रणालींत वेगाचा फरक दिसला, तर तो चाळणीत पडला की पारखीत, हे स्वतंत्रपणे मोजल्याशिवाय त्या फरकाचा अर्थ लागत नाही.

आता पहिले उदाहरण. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरांचा लोहमार्ग मंजूर झाला १९९५ साली; बीडपर्यंत प्रवासी गाडी पोचली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. अशा मार्गासाठी भूसंपादनाच्या प्रारंभी पडणारा प्रश्न अगदी साधा आहे : या पट्ट्यात कोणकोणते गट येतात? संपूर्ण मार्ग एकाच नोंदीत एक रेषा म्हणून साठविला, तर त्याचा परिवेष्टक आयत किती मोठा होतो याचा ढोबळ हिशेब करता येतो. अहिल्यानगर व परळी यांच्या रेखांशांतील अंतर सुमारे १.८ अंश, म्हणजे या अक्षांशावर सुमारे १८८ किलोमीटर. आणि मार्ग दक्षिणेकडे आष्टीपर्यंत उतरत असल्याने उत्तर-दक्षिण विस्तार सुमारे ३० किलोमीटर. आयताचे क्षेत्र साडेपाच हजार चौरस किलोमीटरांहून अधिक झाले. पट्टा सरासरी ३० मीटर रुंद मानला तर त्याचे स्वतःचे क्षेत्र आठ चौरस किलोमीटरही भरत नाही. म्हणजे चाळणी जे क्षेत्र आत सोडते ते खऱ्या क्षेत्राच्या सुमारे सातशे पट! जिल्ह्याच्या मध्यभागातील लाखो गट चाळणीतून जसेच्या तसे खाली पडतात, त्यांपैकी बहुतेकांचा मार्गाशी काडीचा संबंध नसतो, आणि त्या प्रत्येकाची पारख शेकडो वळणांच्या एका लांबलचक रेषेशी होत राहते. अशा स्थितीत सूची असून नसल्यासारखीच.

याच रेषेचे किलोमीटराएवढे तुकडे केले तर काय होते? एक किलोमीटर लांबीच्या सरळ तुकड्याचा परिवेष्टक आयत जास्तीत जास्त अर्धा चौरस किलोमीटर असू शकतो, आणि तोही तुकडा नेमका ४५ अंशांत तिरपा असेल तेव्हाच. वळणदार तुकड्याचा आयत त्याहून मोठा क्वचितच होतो. असे २६१ तुकडे धरले तरी एकूण क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटरांच्या आत राहते. साडेपाच हजारांवरून एकशेतीस! प्रणाली तीच, यंत्र तेच, गट तेच. केवळ आकृतीचे तुकडे केल्याने पारखीचे काम चाळीसपटींहून कमी झाले. पोस्टजीआयएसमध्ये असे तुकडे करण्याची तयार सोय २.२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून आहे. जेथे अशी सोय नाही तेथे ते काम अभ्यासकाने बाहेर करून आणावे लागेल. एका प्रणालीत आकृती तुकड्यांनी भरून आणि दुसरीत अखंड ठेवून कोणी तुलना केली, तर त्याने मोजली ती प्रणालींची कार्यक्षमता नव्हे. हा दोष तुलनापर लेखांत सहज शिरतो, कारण ज्या प्रणालीचा सराव अधिक तिची मशागत नकळत अधिक होते.

परंतु वेगाआधी उत्तराचा विचार करावयास हवा. मायएसक्यूएलच्या ५.६ पूर्वीच्या आवृत्त्यांत ‘छेदते का’ आणि ‘आत आहे का’ ही कार्ये आकृतींवर नव्हे, तर त्यांच्या परिवेष्टक आयतांवरच चालत असत. म्हणजे चाळणी होती, पारख नव्हतीच. ५.६ मध्ये नेमकी तपासणी करणारी निराळी कार्ये आली. आता वरील पृच्छा जुन्या आवृत्तीत चालविली असती तर ती अतिशय जलद संपली असती, आणि उत्तरादाखल साडेपाच हजार चौरस किलोमीटरांतील सगळे गट मिळाले असते. टोरोंटो विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली जॅकपाइन नावाची कसोटी सिद्ध केली. तिच्यात एकेका भौमितिक संबंधाची सुटी चाचणी आहे, त्याशिवाय पूरधोक्याचे विश्लेषण, भूमि-अभिलेखांचे व्यवस्थापन, पत्त्यावरून स्थान शोधणे असे प्रत्यक्ष व्यवहारातील प्रसंगही आहेत. तिने तपासलेल्या प्रणालींत मायएसक्यूएल होती, आणि तिची गणना आयतांवर चालते ही गोष्ट त्या काळी तुलनेचा अर्थच बदलून टाकणारी होती. ती कसोटी आजही वाचनीय आहे; मात्र वाचताना तक्त्यातील सेकंदांच्या शेजारी ‘उत्तरात किती नोंदी आल्या’ असा एक स्तंभ मनाने जोडून वाचावा.

आयतांचा प्रकार उघड आहे. याहून सूक्ष्म प्रकार सीमेच्या स्पर्शाचा. भौमितिक संबंधांची जी प्रमाण व्याख्या आज बहुतेक प्रणाली मानतात, तिच्यानुसार दोन बहुभुजांना केवळ एक बांध सामाईक असला तरी त्यांचा ‘छेद’ होतो असेच उत्तर येते. मार्गाच्या पट्ट्याची कड एखाद्या गटाच्या बांधालगत जात असेल, तर त्या गटातील एक चौरस फूटही जमीन जात नसताना त्याचा क्रमांक यादीत येईल. यादी अधिसूचनेसाठी असेल तर हा केवळ तात्त्विक भेद राहत नाही. ज्याचा क्रमांक अधिसूचनेत आला त्याच्या जमिनीच्या व्यवहारांवर त्या दिवसापासून सावट येते. उलट, यादीतून चुकून सुटलेल्या गटाचा धनी मोबदल्यासाठी खेटे घालतो. म्हणून पृच्छा ‘छेदते का’ अशी न ठेवता ‘छेदाचे क्षेत्र अमुक चौरस मीटरांहून अधिक आहे का’ अशी ठेवावी लागते. ती अर्थातच अधिक खर्चाची, कारण आता ‘होय’ वा ‘नाही’ न सांगता छेदाची आकृतीच घडवावी लागते. काही प्रणाली या दोन प्रकारांत फारसा फरक दाखवीत नाहीत, काहींत तो कितीतरी पटींनी असतो. तुलनेत ही दोन्ही रूपे वेगवेगळी मोजलेली असावीत.

दुसरे उदाहरण पाण्याचे आहे, आणि लेखकाच्या मते बीड जिल्ह्यासाठी ते सर्वांत महत्त्वाचे. सिंदफणा आणि मांजरा या दोन्ही नद्या पाटोदा परिसरातील डोंगरात उगम पावतात. सिंदफणा माजलगावच्या धरणावरून पुढे जाऊन गोदावरीस मिळते. मांजरा केज तालुक्यातील धनेगावच्या धरणावरून पूर्वेस वळून दूर तेलंगणच्या सीमेवर गोदावरीसच मिळते. परंतु आष्टी तालुक्याचे पाणी पश्चिमेस सीना नदीकडे, म्हणजे भीमेच्या द्वारे कृष्णेकडे जाते. गोदावरी व कृष्णा या दोन महाखोऱ्यांमधील जलविभाजक असा या एका जिल्ह्यातून जातो. ही रेषा तालुक्याची सीमा जाणत नाही, गावाची शीव जाणत नाही, गटाचा बांध तर नाहीच नाही. ‘कृष्णा खोऱ्यात येणारे लागवडीखालील क्षेत्र गावनिहाय किती?’ ही पृच्छा म्हणूनच खरोखरीची अवकाशीय पृच्छा होय. पाण्याचे हक्क खोऱ्यांनुसार ठरतात, लवादांचे निवाडे खोऱ्यांनुसार होतात, आणि कृष्णा-मराठवाडा सिंचन प्रकल्पासारखी योजनाही खोऱ्याच्याच हिशेबावर उभी असते.

ही पृच्छा दोन रीतींनी सोडविता येते. एक सोपी रीत अशी की, प्रत्येक गटाचा क्षेत्रमध्य काढावयाचा आणि तो बिंदू ज्या खोऱ्यात पडेल त्यात अख्खा गट घालावयाचा. दुसरी रीत म्हणजे गटाचा व खोऱ्याचा प्रत्यक्ष छेद घेऊन दोन्ही बाजूंचे क्षेत्र स्वतंत्र मोजावयाचे. पहिली फार जलद. आणि जिल्ह्याची बेरीज पाहिली तर तिचे उत्तर दुसरीच्या पुष्कळ जवळ येण्याचा संभवही असतो, कारण इकडच्या चुका तिकडच्या चुकांशी वजा होतात. परंतु विभाजकावर बसलेल्या एखाद्या वाडीचा हिशेब पाहिला तर तेथे ही वजाबाकी होत नाही, आणि एका गटाच्या नोंदीत तर मुळीच होत नाही. तेव्हा बेरजेसाठी पहिली रीत, नोंदीसाठी दुसरी, असा विवेक पृच्छा लिहिणाऱ्यानेच करावयाचा आहे. प्रणाली तो करीत नाही.

खोऱ्याच्या सीमारेषेत शिरोबिंदू किती यावर दुसऱ्या रीतीचा खर्च ठरतो. उंचीच्या उपग्रहीय नोंदींवरून आपोआप काढलेली सीमा पायऱ्यापायऱ्यांची असते व तिच्यात शिरोबिंदूंची गर्दी होते. समजा, ते पन्नास हजार आहेत आणि चाळणीतून एक लाख गट आले. प्रत्येक गटाच्या एका बिंदूसाठी सगळ्या कडा तपासावयाच्या म्हटल्यास पाचशे कोटी तपासण्या झाल्या. तीच सीमा २५६ शिरोबिंदूंच्या तुकड्यांत विभागली आणि प्रत्येक गट सरासरी एकाच तुकड्याशी भिडला, तर तपासण्या सुमारे अडीच कोटींवर येतात. मात्र येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. काही प्रणाली एकच मोठी आकृती वारंवार तपासावी लागते असे दिसल्यास तिच्या कडांची अंतर्गत सूची तात्पुरती बांधून ठेवतात. तशी व्यवस्था असेल तर अखंड आकृतीही बरीच सुसह्य होते, आणि तुकडे केल्याचा लाभ वरच्या गणिताएवढा दिसत नाही. एकाच पृच्छेने एका प्रणालीत पन्नास पट व दुसरीत दुप्पट सुधारणा का दाखवावी, याचे उत्तर बहुधा येथे सापडते.

पारखीविषयी आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पोस्टजीआयएस, स्पॅशियालाइट आणि अलीकडील डकडीबीचा अवकाशीय विस्तार, या तिन्ही प्रणाली भौमितिक गणितासाठी बहुतांशी जिऑस याच एका ग्रंथालयाचा आधार घेतात. तेव्हा या तिघींची पारखीतील तुलना ही बरीचशी एकाच कारागिराच्या कामाची तीन दुकानांत केलेली तुलना होय; फरक पडतो तो आकृती डिस्कवरून उचलून त्या ग्रंथालयाच्या हाती देण्यात. मायएसक्यूएल ५.७ पासून बूस्ट जॉमेट्री हे निराळे ग्रंथालय वापरते. मोंगोडीबीमध्ये गोलावरील गणना असल्याने दोन शिरोबिंदूंमधील कड ही नकाशावरील सरळ रेषा नसून पृथ्वीच्या पृष्ठावरील लघुतम मार्ग मानली जाते. बीडच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम २०० मीटरांच्या कडेसाठी या दोहोंतील अंतर मिलीमीटरात मोजावे इतके क्षुद्र आहे. पण ढोबळ काढलेल्या जिल्हासीमेची कड २० किलोमीटर लांब असेल तर मध्यावर ते सुमारे पावणेतीन मीटर होते. पुन्हा तेच : दोन प्रणालींची उत्तरे जुळली नाहीत तर ती कोणाची ‘चूक’ नसून व्याख्येचा भेद असू शकतो, आणि तो तुलनेपूर्वी शोधून काढणे हे अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

सूचीच्या प्रकारांविषयी थोडक्यात. एसक्यूएल सर्व्हर आर-ट्री न वापरता प्रदेशाची चौकटींत विभागणी करते. ओरॅकलमध्ये एके काळी चतुर्वृक्ष व आर-ट्री या दोन्ही सूची उपलब्ध होत्या, आणि त्यांची तुलना त्या कंपनीच्याच संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केली. एकाच प्रणालीच्या पोटात दोन्ही सूची असल्याने ती तुलना इतर बहुतेक तुलनांहून स्वच्छ झाली आहे. सामान्य भौगोलिक पृच्छांना आर-ट्री सरस, तर साध्या आकृतींवर सतत बदल होत असतील तेथे चतुर्वृक्षाला वाव, असा तिचा कल दिसतो. चतुर्वृक्षाची चौकट किती बारीक ठेवावी हे मात्र आधीच ठरवावे लागते, आणि गेवराईच्या दाट गटांना योग्य असलेली चौकट डोंगरमाथ्यावरील मोठ्या गटांना योग्य असेलच असे नाही.

तिसरे उदाहरण जवळच्या केंद्राचे. हवामानाधारित फळपीक विम्यात पाऊस व तापमान यांची नोंद संदर्भ-केंद्रावरून घेतात. ते बंद पडले तर पर्यायी केंद्र शोधावे लागते. ‘या बागेच्या सर्वांत जवळचे चालू केंद्र कोणते?’ या पृच्छेला आर-ट्रीच्या साहाय्याने क्षणार्धात उत्तर मिळते. परंतु सहनिर्देशक अंशांत ठेवले असतील आणि अंतरही अंशांतच काढले जात असेल तर ते उत्तर चुकीचे असू शकते. बीडच्या आसपास अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटर, तर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५.३ किलोमीटर भरतो. समजा, बागेच्या पूर्वेस १० किलोमीटरांवर एक केंद्र आहे आणि उत्तरेस १०.३ किलोमीटरांवर दुसरे. पहिले ०.०९५० अंश दूर, दुसरे ०.०९३० अंश. अंशांत मोजणारी प्रणाली उत्तरेचे केंद्र निवडील, वास्तविक जवळचे पूर्वेचे आहे. पृथ्वीची खरी आकृती धरून अंतर काढावयास सांगितले तर उत्तर बरोबर येते, पण वेळ वाढतो. येथे मध्यम मार्ग उपलब्ध आहे. युटीएम प्रक्षेपणाचा ४३ वा पट्टा ७२ ते ७८ अंश रेखांशांचा असून संपूर्ण बीड जिल्हा त्यात बसतो. त्याचा मध्यरेखांश ७५ अंश जिल्ह्याच्या पश्चिम कडेजवळून जातो. या प्रक्षेपणात क्षेत्राची घट आष्टीकडे हेक्टरी सुमारे ८ चौरस मीटर, तर परळीकडे दोनाहूनही कमी. म्हणजे मीटरांत साठविलेल्या आकृतींवर साध्या, जलद भूमितीने काम करता येते आणि त्यातील चूक जुन्या मोजणी-नकाशांच्या स्वतःच्या अचूकतेपुढे नगण्य राहते. सबंध राज्यासाठी ही सोय नाही. विदर्भाचा मोठा भाग ४४ व्या पट्ट्यात जातो.

येथे एक विषयांतर आवश्यक वाटते. अवकाशीय म्हणून मांडलेल्या पुष्कळ पृच्छा वस्तुतः अवकाशीय नसतात. खरीप २०२० पासून बीड जिल्ह्यात पीकविम्याची जी रीत राबविली गेली आणि पुढे ‘बीड पॅटर्न’ या नावाने जिची चर्चा झाली, तिच्यात नुकसानीचा हिशेब महसूल मंडळाच्या पातळीवर होई. गाव संपूर्णपणे एकाच मंडळात असते. तेव्हा गट कोणत्या मंडळात आहे हे शोधण्यासाठी बहुभुजांचा छेद घेणे म्हणजे दारातून जाता येत असताना भिंत फोडणे होय. गावाचा संकेतांक पुरेसा आहे, आणि साधी सूची ते काम कितीतरी कमी वेळात करते. नकाशांच्या सीमा किंचित सरकलेल्या असल्या की छेदाच्या पद्धतीने शिवेवरचे गट शेजारच्या मंडळात जातात, ही हानी वेगळीच. तुलनेच्या पृच्छा निवडताना अशा पृच्छा वगळाव्यात. त्या कोणत्याही प्रणालीच्या अवकाशीय सामर्थ्याची परीक्षा करीत नाहीत.

मोजणीच्या पद्धतीविषयी पाठ्यपुस्तकांत पुष्कळ लिहिलेले असते, म्हणून दोनच गोष्टी सांगतो. पहिल्यांदा चालविलेली पृच्छा डिस्कवरून पाने आणते, दुसऱ्यांदा तीच पाने स्मृतीत तयार असतात. हे दोन आकडे वेगळे छापावेत, त्यांची सरासरी काढू नये, कारण तिला कसलाच अर्थ नाही. दुसरी गोष्ट खिडक्यांची. चाचणीसाठी नकाशावर यदृच्छेने चौकोनी खिडक्या टाकण्याची प्रथा आहे. बीडसारख्या जिल्ह्यात त्यांपैकी पुष्कळशा विरळ माळावर पडतील आणि उत्तरात थोडे गट येतील. प्रत्यक्षात लोक विचारतात ते वस्तीच्या, रस्त्याच्या, कालव्याच्या आसपासचे प्रश्न, जेथे गट लहान व दाट असतात. दोन्ही प्रकारच्या खिडक्या घेऊन उत्तरातील नोंदींच्या संख्येनुसार गट पाडून वेळ मांडला तरच चित्र स्पष्ट होते. गट ज्या क्रमाने भरले तो क्रमही नोंदवावा. गावागावाने भरलेल्या आधारसामग्रीत शेजारचे गट डिस्कवरही शेजारी राहतात, आणि खातेदाराच्या नावानुसार भरले तर ते जिल्हाभर विखुरतात.

मोठ्या आधारसामग्रीसाठी अनेक यंत्रांवर काम वाटून देणाऱ्या अपाची सेडोनासारख्या प्रणालींचे आकर्षण विद्यार्थ्यांत वाढत आहे. बीड जिल्ह्यापुरता हिशेब करून पाहावा. दहा लाख गट, प्रत्येकी सरासरी वीस शिरोबिंदू, प्रत्येक शिरोबिंदूस सोळा बाइट. एकूण भूमिती सुमारे ३२ कोटी बाइट. ती साध्या संगणकाच्या स्मृतीत आरामात मावते, आणि काम वाटण्याची पूर्वतयारी करण्यातच वितरित प्रणालीचा जो वेळ जाईल तेवढ्यात एकटे यंत्र उत्तर देऊन मोकळे होईल. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांची गोष्ट निराळी. दहा मीटरांच्या चौकटीने जिल्ह्यात सुमारे १०.७ कोटी चित्रबिंदू होतात, आणि दर पाच दिवसांनी एक चित्र धरले तर वर्षास ७८० कोटी, तेही एकाच वर्णपट्टासाठी. गटनिहाय पिकांची स्थिती काढावयाची असेल तर तेथे अनेक यंत्रांना खरे काम मिळते. जिल्ह्याच्या गटनकाशावर वितरित प्रणालीची चाचणी घेऊन ती मंद आहे असा निष्कर्ष काढणे, हे धान्याच्या पसाभर राशीसाठी मळणीयंत्र आणून त्याला नावे ठेवण्यासारखे झाले.

शेवटी लिहिण्याच्या भाराविषयी. वर आलेल्या सर्व पृच्छा वाचनाच्या आहेत, आणि तुलनाही बहुधा वाचनाचीच होते. पण १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः शेतात उभा राहून छायाचित्रासह पिकाची नोंद पाठवितो, आणि त्या नोंदीबरोबर स्थानाचे सहनिर्देशक येतात. अशा नोंदी वर्षभर सारख्या येत नाहीत. मुदत जवळ आली की त्यांचा लोंढा येतो. आर-ट्रीमध्ये एकाच परिसरातील अनेक बिंदू एकाच वेळी घालू लागले की तीच ती पाने पुन्हापुन्हा फुटतात, आणि एका पानावर एकाने लिहीत असताना दुसऱ्यास थांबावे लागते. बिंदूला प्रथम चौकटीचा संकेतांक देऊन साध्या बी-ट्रीत ठेवणाऱ्या प्रणालींना आकृतींच्या आयतांची उतरंड सांभाळावी लागत नाही. तथापि पुढे ‘हा बिंदू खरोखर त्याच गटात उभा राहून नोंदविला का?’ हे विचारताना त्यांनाही गटाच्या सीमेची पारख चुकत नाही. भ्रमणध्वनीतील स्थाननिश्चितीची चूक काही मीटरांची असते आणि गट चिंचोळा असेल तर प्रामाणिक शेतकऱ्याचा बिंदूही बांधापलीकडे पडतो. म्हणून ही पृच्छा ‘आत आहे का’ अशी न विचारता ‘सीमेपासून इतक्या मीटरांच्या आत आहे का’ अशी विचारावी लागते, आणि नोंदींचा लोंढा चालू असतानाच तिचे उत्तर द्यावे लागते. वाचन व लेखन एकत्र चालविणारी, मुदतीच्या आठवड्यासारखा भार घडवून आणणारी कसोटी या जिल्ह्याच्या गटनकाशावर रचता येईल. तिच्यात प्रत्येक प्रणालीने एका तासात किती नोंदी स्वीकारल्या, त्यांतील किती पारखल्या आणि किती नोंदी खऱ्या असूनही नाकारल्या, हे तीन आकडे शेजारीशेजारी मांडले पाहिजेत.